तेरा संख्यांत मांडलेला इलिप्टिक वक्र: कागद-पेन्सिल घेऊन क्रिप्टोग्राफीत पहिलं पाऊल

ब्राउझरने एखादं सुरक्षित पान उघडलं की त्याच्यात आणि सर्व्हरमध्ये पहिल्या क्षणातच, बहुतेक वेळा, एका बैजिक वक्रावरच्या बिंदूंची देवाणघेवाण होते. सिग्नल आणि व्हॉट्सअ‍ॅपमधल्या कुलूपबंद संदेशांमागे असाच वक्र आहे, बिटकॉइनच्या सह्यांमागेही आहे. हा विषय नव्याने शिकणाऱ्यांना सहसा आधी एक चित्र दाखवतात: सुंदर, सलग, वळणदार रेषा आणि तिला तीन ठिकाणी छेदणारी सरळ रेषा. ते चित्र वास्तव संख्यांवरचं आहे. क्रिप्टोग्राफीतला वक्र सांत क्षेत्रावर असतो, म्हणजे मोजक्या संख्यांच्या जगात. तिथे रेषा नसते, विखुरलेले ठिपके असतात. माझं ठाम मत आहे की त्या ठिपक्यांची यादी एकदा स्वतः हाताने केल्याशिवाय हा विषय अंगवळणी पडत नाही. म्हणून कागद घ्या. शाळेतली निर्देशक भूमिती, रेषेचा चढ आणि भागाकारातली बाकी एवढं पुरेल.

पायरी १: १३ च्या जगातला हिशेब

आपल्याकडे ० ते १२ एवढ्याच संख्या आहेत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार नेहमीसारखे करायचे आणि उत्तराला १३ ने भागून फक्त बाकी ठेवायची. ९ + ८ = १७, म्हणजे ४. ७ × ५ = ३५, म्हणजे ९. उत्तर ऋण आलं तर ते ० ते १२ मध्ये येईपर्यंत १३ मिळवत राहायचं: −७२ मध्ये ७८ मिळवले की ६.

भागाकार थोडा वेगळा आहे. ज्या संख्येने भागायचं तिचा गुणाकार-व्यस्त शोधायचा आणि त्याने गुणायचं. २ × ७ = १४, म्हणजे १; म्हणून २ ने भागणं म्हणजे ७ ने गुणणं. व्यस्तांच्या जोड्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, त्या सारख्या लागतील: २–७, ३–९, ४–१०, ५–८, ६–११. १ आणि १२ हे स्वतःचेच व्यस्त आहेत.

१३ ही मूळ संख्या असल्यामुळेच शून्य सोडून प्रत्येकाला व्यस्त मिळतो. १२ घेतले असते तर २ × ६ = ० झालं असतं आणि २ ने भागणंच अशक्य झालं असतं. मूळ संख्येच्या घातांएवढी, उदाहरणार्थ २५६ घटकांची, क्षेत्रंही असतात. पण ती बहुपदींतून बनवावी लागतात. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी २: वर्ग कोणते?

प्रत्येक संख्येचा वर्ग काढून पाहा. १३ च्या जगात शून्याखेरीज फक्त सहा संख्या वर्ग आहेत:

१ ची मुळं १ आणि १२
३ ची मुळं ४ आणि ९
४ ची मुळं २ आणि ११
९ ची मुळं ३ आणि १०
१० ची मुळं ६ आणि ७
१२ ची मुळं ५ आणि ८

उरलेल्या सहांना (२, ५, ६, ७, ८, ११) वर्गमूळच नाही. कोणत्याही विषम मूळ संख्येसाठी असंच होतं: शून्य सोडून निम्म्या संख्या वर्ग, निम्म्या नाहीत.

पायरी ३: वक्रावरचे बिंदू

आपला इलिप्टिक वक्र: य² = क्ष³ + २क्ष + ४.

आधी एक तपासणी. य² = क्ष³ + अक्ष + ब या रूपात ४अ³ + २७ब² शून्य येता कामा नये; आलं तर वक्राला टोक किंवा गाठ असते आणि पुढची सगळी सुरक्षितता ढासळते. इथे ४×८ + २७×१६ = ४६४, बाकी ९. चालेल.

आता क्ष ला ० ते १२ या किमती द्या, उजवी बाजू काढा आणि ती वर्गांच्या यादीत आहे का ते बघा. क्ष = ५ घेतलं तर १२५ + १० + ४ = १३९, बाकी ९; ९ ची मुळं ३ आणि १०, म्हणून (५, ३) आणि (५, १०) हे दोन बिंदू. क्ष = ६ घेतलं तर बाकी ११ येते, तिला मूळ नाही, म्हणजे तिथे बिंदू नाही. पूर्ण यादी अशी होते:

(०, २), (०, ११)
(२, ४), (२, ९)
(५, ३), (५, १०)
(७, ६), (७, ७)
(८, ५), (८, ८)
(९, ६), (९, ७)
(१०, ६), (१०, ७)
(१२, १), (१२, १२)

हे सोळा. त्यात एक जास्तीचा अनंतबिंदू धरायचा. त्याला निर्देशक नाहीत. बेरजेत तो शून्याचं काम करतो. एकूण १७.

संख्या बरोबर आली का याचा अंदाज हेल्मुट हास या जर्मन गणितज्ञाने १९३० च्या दशकात सिद्ध केलेल्या प्रमेयावरून घेता येतो: क्षेत्रात प घटक असतील तर बिंदूंची संख्या प + १ पासून जास्तीत जास्त प च्या वर्गमूळाच्या दुपटीएवढीच दूर असते. इथे १४ च्या अलीकडे-पलीकडे ७.२, म्हणजे ७ ते २१. आपले १७ त्यात बसतात. खऱ्या वापरातल्या क्षेत्रात घटकांची संख्या ७७-७८ अंकी असते, तिथे यादी करणं अशक्यच. नेमकी संख्या झटपट काढण्याची रीत रेने स्कोफ यांनी १९८५ मध्ये दिली. ती नसती तर मनाजोगता वक्र निवडणं फार अवघड गेलं असतं.

पायरी ४: दोन बिंदूंची बेरीज

इथे थोडं थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. दोन बिंदूंतून रेषा काढायची. ती वक्राला तिसऱ्या बिंदूत छेदते. त्या तिसऱ्याचा य ऋण करायचा. तीच बेरीज. ठिपक्यांच्या जगात रेषा डोळ्यांना दिसत नाही, पण सूत्र तेच राहतं:

म = (य₂ − य₁) ÷ (क्ष₂ − क्ष₁)
क्ष₃ = म² − क्ष₁ − क्ष₂
य₃ = म × (क्ष₁ − क्ष₃) − य₁

बिंदू स्वतःतच मिळवायचा असेल तर स्पर्शिकेचा चढ घ्यायचा: म = (३क्ष₁² + अ) ÷ (२य₁). दोन बिंदूंचा क्ष सारखा आणि य एकमेकांचे ऋण असतील तर रेषा उभी होते आणि बेरीज अनंतबिंदू येते. य शून्य असलेल्या बिंदूची दुप्पटही तशीच अनंतबिंदू. हा शेवटचा नियम पुढे एका हल्ल्यात कामी येणार आहे.

ग = (०, २) घेऊ. दुप्पट: म = (० + २) ÷ ४ = २ × १० = २०, म्हणजे ७. क्ष₃ = ४९ − ० = ४९, म्हणजे १०. य₃ = ७ × (० − १०) − २ = −७२, म्हणजे ६. तर २ग = (१०, ६), आणि हा बिंदू यादीत आहे. प्रत्येक बेरजेनंतर उत्तर यादीत आहे का ते बघायची सवय लावा. चूक त्याच पायरीवर सापडते.

एक छान पडताळाही आहे. (७, ६), (९, ६) आणि (१०, ६) या तिघांचा य सारखा, म्हणजे ते एका आडव्या रेषेवर आहेत. मग तिघांची बेरीज अनंतबिंदू यायला हवी. पुढच्या तक्त्यात ते ५ग, १०ग आणि २ग म्हणून दिसतील: ५ + १० + २ = १७.

पायरी ५: पटींचा तक्ता

ग पुन्हा पुन्हा मिळवत गेलं की:

१ग = (०, २)
२ग = (१०, ६)
३ग = (१२, १)
४ग = (२, ९)
५ग = (७, ६)
६ग = (५, १०)
७ग = (९, ७)
८ग = (८, ८)
९ग = (८, ५)

पुढे १०ग पासून १६ग पर्यंत हेच बिंदू उलट्या क्रमाने, य ऋण होऊन येतात: १०ग = (९, ६), ११ग = (५, ३), असं करत १६ग = (०, ११). आणि १७ग म्हणजे अनंतबिंदू. १७ मूळ संख्या असल्यामुळे अनंतबिंदू सोडून कुठलाही बिंदू घेतला तरी त्याच्या पटींत सगळे सतरा येतात.

११ग काढायला दहा बेरजा कराव्या लागत नाहीत. ११ = ८ + २ + १, म्हणून ग ची तीनदा दुप्पट करायची आणि दोन बेरजा. २५६ बिटांच्या संख्येलाही याच रीतीने काही शेकडा पायऱ्या पुरतात. उलट दिशेने मात्र काय आहे ते बघा: क्ष चे आकडे ०, १०, १२, २, ७, ५, ९, ८ असे येतात. त्यांच्याकडे बघून कितवी पट आहे हे सांगता येईल असा काही क्रम दिसतो का? बिंदू दिला आणि कितवी पट ते विचारलं, या प्रश्नाला डिस्क्रीट लॉगरिदमचा प्रश्न म्हणतात. आपल्या तक्त्यात तो नजरेने सुटतो. तक्ता विश्वात मावणार नाही इतका मोठा झाला की सुटत नाही.

पायरी ६: उघड्यावर ठरवलेलं गुपित

दोघांना सर्वांसमक्ष बोलून एक गुप्त किल्ली ठरवायची आहे. वक्र आणि ग सगळ्यांना माहीत आहे. पहिली व्यक्ती मनात ५ धरते आणि ५ग = (७, ६) जाहीर करते. दुसरी ११ धरते आणि ११ग = (५, ३) जाहीर करते. पहिली (५, ३) ची पाचपट काढते, दुसरी (७, ६) ची अकरापट. दोघांकडे ५५ग येतो; ५५ मधून १७ चे तीन फेरे गेले की ४ उरतात, म्हणून ४ग = (२, ९). ऐकणाऱ्याला दोन बिंदू ठाऊक आहेत, पण ५ किंवा ११ काढल्याखेरीज त्याला (२, ९) कडे नेणारी कुठलीही सोपी वाट आजवर सापडलेली नाही.

हीच कल्पना नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी १९८५ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. त्याआधी साध्या संख्यांच्या घातांवर हा व्यवहार चालायचा. तिथे मोठ्या संख्येचे लहान लहान मूळ अवयव पाडून लॉगरिदम बऱ्याच वेगाने शोधता येतो. वक्रावरच्या बिंदूला मात्र लहान किंवा मोठा म्हणण्याजोगं काही नाही, अवयवही नाहीत. त्यामुळे तो हल्ला इथे चालत नाही. चांगल्या वक्रावर सगळ्यात उत्तम सामान्य रीत पोलार्ड यांची, आणि तिला बिंदूंच्या संख्येच्या वर्गमूळाएवढ्या पायऱ्या लागतात. २५६ बिटांच्या वक्राला सुमारे २ चा १२८ वा घात. तेवढ्याच सुरक्षिततेसाठी, मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावर उभ्या असलेल्या आरएसए पद्धतीत ३०७२ बिटांची किल्ली लागते. २००९ मध्ये दोनशेहून अधिक प्लेस्टेशन ३ यंत्रं जोडून ११२ बिटांच्या वक्रावरचा लॉगरिदम काढला गेला होता. तिथून २५६ बिटांपर्यंतचं अंतर केवळ जास्त यंत्रं आणून भरून निघणारं नाही.

पायरी ७: वक्र स्वतः बनवू नका

काही वक्र वरून सारखेच दिसतात आणि आतून पोकळ असतात. बिंदूंची संख्या क्षेत्राच्या मूळ संख्येएवढीच आली तर लॉगरिदम जवळजवळ साध्या भागाकाराने निघतो. १३ वरच य² = क्ष³ + क्ष + ६ घेऊन बिंदू मोजा, नेमके १३ येतील. काही वक्रांवरचा प्रश्न पेअरिंग (दोन बिंदूंपासून क्षेत्रातली एक संख्या देणारी क्रिया) वापरून परत साध्या क्षेत्रात नेता येतो. १९९३ मध्ये मेनेझेस, ओकामोटो आणि व्हॅनस्टोन यांनी हे दाखवलं. बिंदूंच्या संख्येचे सगळे अवयव लहान असतील तर प्रश्न तुकड्या-तुकड्यांत सुटतो.

म्हणून अनेकांनी अनेक वर्षं तपासलेले वक्रच वापरायचे. बिटकॉइनचा एसईसीपी२५६के१ दिसायला अगदी साधा आहे: य² = क्ष³ + ७, आणि क्षेत्राची मूळ संख्या २ चा २५६ वा घात वजा २ चा ३२ वा घात वजा ९७७. डॅनियल बर्नस्टाइन यांचा कर्व्ह२५५१९ असा आहे: य² = क्ष³ + ४८६६६२क्ष² + क्ष, मूळ संख्या २ चा २५५ वा घात वजा १९. त्याच्या नावातच ती संख्या आहे. नव्या कामासाठी मी हाच सुचवेन, कारण तो वापरणाऱ्याच्या हातून चुका होण्याच्या जागा कमी राहाव्यात अशा बेताने घडवलेला आहे. तशा जागा कुठे असतात ते पुढच्या दोन पायऱ्यांत पाहू.

पायरी ८: आलेला बिंदू वक्रावर आहे का?

बेरजेची सूत्रं पुन्हा वाचा. त्यांत अ आहे, पण ब कुठेच नाही. म्हणजे कुणी वक्राबाहेरचा बिंदू पाठवला तरी हिशेब बिनतक्रार चालतो. फक्त तो अ तोच आणि ब वेगळा असलेल्या दुसऱ्याच वक्रावर चालतो. आणि तो दुसरा वक्र हल्लेखोराने निवडलेला असतो.

आपली दुसरी व्यक्ती, जिचं गुपित ११ आहे, तपासणी करत नाही असं धरा. हल्लेखोर (२, ४) मधला य शून्य करून (२, ०) पाठवतो. हा बिंदू य² = क्ष³ + २क्ष + १ वर आहे आणि त्याची दुप्पट अनंतबिंदू. गुपित सम असेल तर उत्तर अनंतबिंदू, विषम असेल तर (२, ०). दोनच शक्यता, त्यामुळे पुढच्या कुलूपबंद संदेशावर दोन्ही किल्ल्या लावून पाहिल्या की कळतं: विषम. मग तो (१२, ५) पाठवतो. हा य² = क्ष³ + २क्ष + २ वर आहे. त्याची दुप्पट काढा, (१२, ८) येते, म्हणजे त्याचाच ऋण. तीन पटींत तो अनंतबिंदूला पोचतो. इथे तीन शक्यता, आणि ११ ला ३ ने भागून बाकी २ असल्यामुळे उत्तर (१२, ८). आता हल्लेखोराला कळलं की गुपिताला २ ने भागल्यावर बाकी १ आणि ३ ने भागल्यावर २. १ ते १६ मध्ये अशा संख्या दोनच आहेत: ५ आणि ११. जाहीर बिंदू (५, ३) शी ताडून पाहिलं की ११ हाती. लॉगरिदमचा अवघड प्रश्न त्याने सोडवलाच नाही, बाजूने वळसा घातला.

खऱ्या वक्रावर असेच थोडे जास्त बिंदू पाठवून पूर्ण गुपित जुळवता येतं. २०१५ मध्ये संशोधकांनी टीएलएसच्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या) प्रत्यक्ष वापरातल्या काही लायब्रऱ्यांवर हे करून दाखवलं. २०१८ मध्ये एली बिहाम आणि लिओर न्यूमन यांनी ब्लूटूथच्या जोडणीत नेमकी य शून्य करण्याचीच युक्ती वापरली, कारण तिथे फक्त क्ष ची शहानिशा होत होती. उपाय एका ओळीचा आहे: आलेले क्ष आणि य समीकरणात घालून पाहा, जुळले नाहीत तर तिथेच थांबा. अनंतबिंदूही नाकारा.

पायरी ९: सही, आणि एकदाच वापरायची संख्या

डिजिटल सहीत हिशेब १३ वर नाही, बिंदूंच्या संख्येवर म्हणजे १७ वर होतो. नवशिक्यांची गाडी इथे हमखास अडते: निर्देशक १३ च्या जगात, पटी १७ च्या जगात.

गुप्त किल्ली ११. सही करताना एक ताजी गुप्त संख्या निवडायची, समजा ५. ५ग चा क्ष ७ आहे, हा सहीचा पहिला भाग. संदेशाचा ठसा (हॅश, म्हणजे संदेशापासून काढलेली छोटी संख्या) ३ असेल तर दुसरा भाग (३ + ७ × ११) ÷ ५ = ८० ÷ ५ = १६. आता दुसऱ्या संदेशासाठी, ठसा १०, तीच संख्या ५ पुन्हा वापरली: (१० + ७७) ÷ ५, ८७ ची बाकी २, ५ चा व्यस्त ७, उत्तर १४.

दोन्ही सह्या उघड आहेत: (७, १६) आणि (७, १४). पहिला भाग सारखा दिसताच कुणीही वजाबाकी करतो: (३ − १०) ÷ (१६ − १४) = १० ÷ २ = ५. ताजी संख्या फुटली. मग (१६ × ५ − ३) ÷ ७ = ७७ ÷ ७ = ११. किल्ली फुटली. २०१० च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ ची सही करण्याची किल्ली याच कारणाने बाहेर आल्याचं दाखवण्यात आलं: ताजी संख्या प्रत्येक सहीला तीच होती. हल्ली ती संख्या किल्ली आणि संदेश यांपासून ठरावीक रीतीने काढतात. लायब्ररी निवडताना ती असं करते का, ते आवर्जून बघा.

पुढे कुठे जायचं

इलिप्टिक वक्र हे बैजिक वक्रांच्या मोठ्या कुटुंबातल्या साध्या वक्रांपैकी. प्रत्येक वक्राला जीनस नावाचा एक अंक असतो. यांचा जीनस १. कोब्लिट्झ यांनी १९८९ मध्ये जीनस २ आणि वरचे हायपरइलिप्टिक वक्र सुचवले. जीनस वाढला की लहान अवयवांची जुनी युक्ती पुन्हा चालू लागते, म्हणून व्यवहारात जीनस १ च टिकला आणि २ पर्यंतच चर्चा राहिली. वरच्या जीनसच्या वक्रांनी नाव कमावलं ते चूक सुधारणाऱ्या संकेतांत, म्हणजे वाटेत बिघडलेला संदेश दुरुस्त करता येईल अशा मांडणीत. गोप्पा यांनी असे संकेत वक्रांवरून घडवले, आणि १९८२ मध्ये त्स्फासमन, व्लादुत आणि झिंक यांनी दाखवलं की ते तोवर सर्वोत्तम मानल्या गेलेल्या मर्यादेच्याही पुढे जातात.

पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर पीटर शोर यांच्या १९९४ च्या रीतीने वक्रावरचा लॉगरिदम वेगाने निघेल. म्हणून आता किल्ली ठरवताना कर्व्ह२५५१९ च्या जोडीला जाळकांवर (लॅटिस) आधारलेली पद्धतही लावू लागले आहेत. वक्रांच्या आयसोजेनीवर (एका वक्रावरून दुसऱ्यावर बेरीज जपून नेणाऱ्या नात्यांवर) बेतलेली, क्वांटम संगणकापुढे टिकण्यासाठीची एक उमेदवार पद्धत २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी मोडून काढली, पण त्या वाटेवरच्या दुसऱ्या पद्धतींवर काम चालू आहे.

तुमचा पुढचा अभ्यास मात्र अजून कागदावरच हवा. १३ वरचा तक्ता स्वतः पूर्ण करा, मग (१२, १) ला नवा ग मानून पुन्हा करा. त्यानंतर सेजमॅथ किंवा पारी-जीपी ही मोफत साधनं घ्या, पाच-सहा अंकी मूळ संख्येवर मूळ संख्येएवढेच बिंदू नसलेला पण बिंदूंची संख्या मूळ असलेला वक्र शोधा, आणि त्यावर कुणा मित्राने निवडलेली गुप्त पट वर्गमूळाएवढ्या पायऱ्यांत हुडकून दाखवा.